वन्यजीवांचे संशोधन आणि आपला विद्यार्थी

पदवीनंतर काय करावे, असा विषय आपल्या घरांतून निघाला की बी.एड., स्पर्धा परीक्षा, पोलीस भरती आणि बँक एवढ्यावर चर्चा येऊन थांबते. या वाटा चांगल्याच आहेत. आम्ही स्वतः कला शाखेची पदवी घेऊन त्यांपैकीच एका वाटेने बँकेच्या काउंटरवर येऊन बसलो आणि त्याबद्दल आमची काहीही तक्रार नाही. परंतु ज्या जिल्ह्यात आपण राहतो त्या जिल्ह्यात तीन अभयारण्ये आहेत, त्यांच्या कडेला आपलेच आप्तस्वकीय शेती करतात, गुरे चारतात, आणि त्या जंगलाविषयीचे शास्त्रीय ज्ञान मात्र बहुधा बाहेरून आलेली मंडळी तयार करतात. आपल्या मुलामुलींनी या क्षेत्रात पदव्युत्तर संशोधन करावे, ते कसे करावे, त्यात कोणत्या अडचणी येतात आणि त्यातून समाजाच्या हाती काय लागते, याची सोप्या भाषेत ओळख करून द्यावी, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

आपल्या जिल्ह्याचे वनवैभव

अजिंठ्याची डोंगररांग आपल्या जिल्ह्यातून जाते. बुलडाणा शहर घाटमाथ्यावर, तर मोताळा आणि खामगाव घाटाखाली. या दोहोंच्या मधल्या उतारावर, बुलडाणा-खामगाव रस्त्याच्या दोन्ही अंगांना बोथ्याचे जंगल पसरलेले आहे. हेच ज्ञानगंगा अभयारण्य. त्याचे क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर असून १९९७ साली त्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला. साग, अंजन, सालई, पळस, तेंदू अशा पानगळीच्या झाडांचे हे रान उन्हाळ्यात उघडेबोडके दिसते आणि पहिल्या पावसाबरोबर हिरवेगार होते. बिबट्या, अस्वल, तरस, नीलगाय (आपली रोही), रानडुक्कर, चितळ, भेकर आणि मोर ही येथील मुख्य रहिवासी मंडळी.

उत्तरेस सातपुड्याच्या कुशीत, संग्रामपूर तालुक्यात अंबाबरवा अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र सुमारे १२७ चौरस किलोमीटर असून ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाशी जोडलेले आहे. तिसरे लोणार. उल्कापाताने झालेल्या विवराभोवतीचे हे अभयारण्य अवघे ३.८३ चौरस किलोमीटरचे. पण जगभरचे शास्त्रज्ञ येथे येऊन गेले आहेत. २०२० साली लोणार सरोवराचा रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, समावेश झाला. त्याच वर्षी जून महिन्यात सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा गावोगाव तर्ककुतर्क सुरू झाले होते. पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत तपासल्यानंतर, वाढलेल्या खारटपणात फोफावणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे हा रंग आला, असे शास्त्रज्ञांनी सांगितले. शकुन-अपशकुनाच्या चर्चेला एका तपासणीने उत्तर मिळाले. संशोधनाचे महत्त्व याहून वेगळे काय सांगावे?

एका वाघाची पायपीट

संशोधनाने काय साधते याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडले आहे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे. तेथील एका तरुण नर वाघाच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर बसविण्यात आली. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचे संशोधक आणि महाराष्ट्र वनविभाग मिळून विदर्भातील वाघांच्या स्थलांतराचा अभ्यास करीत होते, त्याचा तो भाग होता. अभ्यासाच्या कागदपत्रांत या वाघाचे नाव सी-१. पुढे लोकांनी त्याला 'वॉकर' म्हटले.

जून २०१९ मध्ये हा वाघ घर सोडून निघाला. महाराष्ट्रातील सात जिल्हे आणि शेजारचे तेलंगण राज्य यांतून हिंडत तो डिसेंबरात ज्ञानगंगेत पोहोचला. त्यानंतरही त्याचे फिरणे चालूच होते. मार्च २०२० मध्ये तो येथे स्थिरावला आणि पुढील महिन्यात त्याची कॉलर काढण्यात आली. नऊ महिन्यांत त्याची चाल ३ हजार किलोमीटरहून अधिक भरली. कॉलरमुळे त्याच्या ठावठिकाण्याच्या ५ हजारांवर नोंदी मिळाल्या. त्यांवरून कळले की तो प्रामुख्याने रात्री चालत असे, दिवसा कपाशीसारख्या उंच पिकांत दडून राही, रानडुक्कर आणि क्वचित गुरे मारून पोट भरी. एवढ्या प्रवासात माणसाला इजा झाल्याची घटना एकच, तीही तो झुडपात विसावलेला असताना लोक फार जवळ गेले म्हणून.

ही माहिती मिळाली नसती तर आपल्याला काय दिसले असते? एके दिवशी बोथ्याच्या रानात वाघ दिसला, एवढेच. तो कोठून आला, कोणत्या शेतांतून आला, वाटेत कोणत्या नाल्यांचा व टेकड्यांचा त्याने आधार घेतला, हे कोणालाच सांगता आले नसते. पुढे २०२१ मध्ये टिपेश्वरचाच दुसरा वाघ गौताळा अभयारण्यात आढळला आणि २०२४ च्या डिसेंबरात आणखी एक थेट धाराशिव जिल्ह्यातील येडशी-रामलिंग परिसरात दिसला. म्हणजे सी-१ हा एखादा चुकार वाघ नव्हता. लहान जंगलात जागा पुरेनाशी झाली की तरुण नर बाहेर पडतात आणि त्यांची वाट आपल्या शेतांतून जाते. महामार्ग कोठून न्यावा, त्याखाली जनावरांसाठी भुयारी वाट कोठे ठेवावी, कोणत्या गावांना आधी सावध करावे, हे ठरविताना अशा नोंदी कामी येतात.

त्या वेळी ज्ञानगंगेत हा एकच वाघ होता. त्याच्यासाठी वाघीण आणावी काय, असा विचार तेव्हा अधिकाऱ्यांमध्ये सुरू झाला. प्रश्न साधा वाटतो, पण २०५ चौरस किलोमीटरमध्ये वाघाच्या कुटुंबास पुरेसे भक्ष्य आहे काय? नसेल तर ते गुरांवर जातील, आणि गुरे तर आपलीच. या प्रश्नाचे उत्तर भावनेने देता येत नाही. चितळ किती, रानडुकरे किती, रोही किती हे कोणीतरी पायी फिरून मोजावे लागते. पदव्युत्तर विद्यार्थ्याचा प्रकल्प हे मोजमाप करण्याची पहिली पायरी असते.

विषय लहान, प्रश्न नेमका

विद्यार्थी मित्रहो, प्रकल्प म्हणजे ग्रंथालयातील चार पुस्तकांतून उतरवून काढलेली वही नव्हे. ज्या प्रश्नाचे उत्तर आज कोणाजवळही नाही असा एक लहान प्रश्न घेणे, त्याचे उत्तर मिळविण्याची पद्धत आधी ठरविणे, त्या पद्धतीने प्रत्यक्ष रानात माहिती गोळा करणे आणि उत्तर मनासारखे आले नाही तरी ते प्रामाणिकपणे लिहिणे, याला प्रकल्प म्हणतात.

'बुलडाणा जिल्ह्यातील वन्यजीव' हा विषय होऊ शकत नाही, तो आयुष्यभराचा व्यासंग आहे. 'ज्ञानगंगेतील अस्वल' हाही फार मोठा. परंतु 'मोहफुले आणि तेंदूपाने गोळा करण्याच्या दिवसांत अभयारण्यालगतच्या गावांतील माणसांची अस्वलाशी गाठ कोणत्या वेळी आणि कोणत्या प्रकारच्या जागी पडते?' हा प्रश्न एका विद्यार्थ्याला दोन हंगामांत पेलण्यासारखा आहे.

या प्रश्नामागील कारणही पाहा. अस्वल मुद्दाम माणसाच्या वाटेला जात नाही. त्याची नजर अधू, मात्र नाक तीक्ष्ण. वाळवी आणि मुंग्या हे त्याचे आवडते खाणे. वरच्या जबड्यातील पुढचे दोन दात नसल्याने वारुळात तोंड घालून ते वाळवी ओढून घेते. त्याखेरीज बोर, जांभूळ, तेंदूची फळे, मोहफुले यांवर ते जगते. मोहाची फुले रात्री-पहाटे गळतात. ती वेचायला बाई भल्या पहाटे टोपली घेऊन जाते, आणि त्याच पहाटे, त्याच झाडाखाली अस्वलही आलेले असते. अंधारात दोघांची अचानक गाठ पडते आणि भेदरलेले अस्वल चाल करून जाते. पाठीवर पिल्ले घेतलेली मादी असेल तर अधिकच. आता जर अभ्यासातून असे दिसले की बहुतेक गाठी उजाडण्यापूर्वीच्या तासाभरात पडतात, तर 'उजाडल्यावर, चौघींनी मिळून, बोलत-बोलत जा' हा सल्ला केवळ उपदेश राहत नाही, त्याला आधार मिळतो. एका प्रबंधाने एखाद्या बाईचा जीव वाचू शकतो. याहून मोठे फळ कोणत्या पदवीचे असेल असे आम्हांस वाटत नाही.

परवानगी आणि पूर्वतयारी

जंगल आपल्या गावाला लागून असले तरी अभयारण्यात अभ्यासासाठी वाटेल तेव्हा शिरता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २८ नुसार अभयारण्यात वन्यजीवांचा अभ्यास, शास्त्रीय संशोधन किंवा छायाचित्रण करण्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. महाराष्ट्रात हे कार्यालय नागपूर येथे आहे. अर्जासोबत मार्गदर्शक प्राध्यापकांचे पत्र, प्रकल्पाचा आराखडा, कालावधी, सोबत्यांची नावे आणि कोणती साधने वापरणार याचा तपशील द्यावा लागतो. प्राणी पकडणे, बेशुद्ध करणे, कॉलर लावणे यांसाठी कलम १२ ची परवानगी लागते, आणि वाघ, बिबट्या, अस्वल यांसारख्या अनुसूची १ मधील प्राण्यांच्या बाबतीत केंद्र सरकारची पूर्वसंमतीही लागते. विद्यार्थ्याने या फंदात पडू नये. प्राण्याला हात न लावता होणारा अभ्यास निवडावा. पीस, हाड, विष्ठा उचलून आणायची असेल तरी परवानगीपत्रात तसा उल्लेख करून घ्यावा.

परवानगीस वेळ लागतो. म्हणून विषय ठरताच अर्ज करावा आणि मधल्या काळात वाचन करावे. पूर्वी या विषयावर कोणी काय लिहिले, कोणती पद्धत वापरली, त्यात काय राहून गेले, याची टिपणे काढावीत. नंतर मुख्य अभ्यासाआधी आठ-दहा दिवसांची चाचणी फेरी करावी. कागदावर आखलेली वाट प्रत्यक्षात दरीत उतरते, नकाशावरील पाणवठा मार्चमध्येच आटतो, हे त्या फेरीत कळते.

सुरक्षिततेचेही पाहावे. रानात कधीही एकट्याने जाऊ नये. वनरक्षक किंवा वाटेची माहिती असलेला गावकरी सोबत असावा. पाणी, टोपी, पायांत बंद बूट, प्रथमोपचाराची पेटी आणि घरी वेळेची आगाऊ सूचना एवढे तरी असावेच. मुलींनी हे क्षेत्र आपले नव्हे असे मानू नये. आज कितीतरी स्त्री-संशोधक जंगलात महिनोन्महिने काम करतात. मात्र मुक्कामाची सोय आधी पक्की करून घ्यावी.

मोजायचे कसे?

प्राण्यांची गणना हा या शास्त्राचा कणा. तिचा इतिहास थोडक्यात सांगणे बोधप्रद होईल. १९७२ साली देशात वाघांची पहिली मोठी मोजणी पाऊलखुणांवरून झाली आणि आकडा निघाला १,८२७. दुसऱ्या वर्षी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. आपले मेळघाट पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. पाऊलखुणांची पद्धत पुढे तीस वर्षे चालली. परंतु ओली माती, कोरडी माती, चढ, उतार यांप्रमाणे एकाच वाघाचा ठसा बदलतो आणि तो ओळखणे पाहणाऱ्याच्या अंदाजावर राहते. राजस्थानातील सरिस्का येथे कागदोपत्री वाघ होते, पण जंगलात एकही उरलेला नाही, हे २००५ मध्ये उघडकीस आले. आमच्या बँकेच्या भाषेत सांगावयाचे तर खातेवहीत शिल्लक दिसत होती आणि तिजोरी रिकामी होती.

त्यानंतर २००६ पासून स्वयंचलित कॅमेरे आणि संख्याशास्त्र यांवर आधारलेली पद्धत आली. तेव्हा देशात १,४११ वाघ असल्याचा अंदाज निघाला. २०२२ च्या गणनेत हा अंदाज ३,६८२ पर्यंत गेला असून त्यात महाराष्ट्राचे ४४४ आहेत.

कॅमेऱ्याची युक्ती अशी. वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे बांधतात. उष्ण शरीराचा प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो निघतो. प्रत्येक वाघाचे पट्टे आणि प्रत्येक बिबट्याचे ठिपके वेगळे असतात. बँकेत खातेदाराची नमुना सही आम्ही जपून ठेवतो आणि धनादेश आला की ती ताडून पाहतो, अगदी तसेच हे पट्टे संशोधक ताडून पाहतो. दोन्ही बाजूंना कॅमेरे का, तर डाव्या अंगाचे पट्टे उजव्यासारखे नसतात.

पण जे प्राणी कॅमेऱ्यासमोर आलेच नाहीत त्यांचे काय? त्यासाठी एक गणित आहे. समजा एका पोत्यात किती नाणी आहेत हे ठाऊक नाही. त्यातून ४० नाणी काढली, प्रत्येकावर शाईचा ठिपका दिला आणि परत टाकून पोते नीट हलविले. नंतर पुन्हा ५० नाणी काढली. त्यांत ठिपक्याची १० निघाली. म्हणजे दुसऱ्या खेपेत पाचातले एक नाणे ओळखीचे होते. तेव्हा पहिली ४० नाणी ही एकूण नाण्यांच्या सुमारे पाचवा हिस्सा असली पाहिजेत, म्हणून पोत्यात अंदाजे २०० नाणी आहेत. सर्व नाणी न मोजता आकडा मिळाला. वन्यजीवशास्त्रात याच तत्त्वावर अधिक बारकाईची सूत्रे वापरतात. अट एवढीच की पोते नीट हलविलेले असावे. रानात पोते हलविता येत नाही, म्हणून कॅमेरे सोयीच्या सडकेवरच न बांधता सगळ्या क्षेत्रात सारखे पसरून बांधावे लागतात. दर दोन चौरस किलोमीटरला एक जोडी धरली तर ज्ञानगंगेसाठी शंभरावर जोड्या लागतील. एवढी साधने एका विद्यार्थ्याकडे असणार नाहीत. त्याने वनविभागाच्या चालू अभ्यासाला जोडून घ्यावे किंवा बिनकॅमेऱ्याची पद्धत निवडावी.

चितळ, रोही, मोर यांच्यासाठी तशी पद्धत आहे. नकाशावर सरळ रेषा आखून त्या रेषेवरून सकाळी ठरलेल्या वेळी सावकाश चालायचे. प्राणी दिसला की जात, संख्या, अंतर आणि दिशा टिपायची. अंतर कशासाठी? जवळचा प्राणी बहुतेक दिसतोच, दूरचा झुडपाआड निसटतो. किती अंतरावर दिसणे किती कमी होत जाते, यावरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधता येतो. एकच रेषा वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पुन्हा चालावी लागते. यासाठी लागणारी साधने थोडी: दुर्बीण, होकायंत्र, अंतर मोजण्याचे उपकरण आणि वही.

तिसरी पद्धत विष्ठेच्या तपासणीची. ऐकायला किळसवाणी वाटली तरी फार उपयोगाची. बिबट्याची विष्ठा चाळणीत धुऊन त्यातील केस वेगळे करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. शेळी, वानर, डुक्कर यांच्या केसांची आतील रचना निरनिराळी असते. बिबट्या गावची शेळी अधिक खातो की रानातले भक्ष्य, याचा अंदाज त्यावरून येतो. अस्वलाच्या विष्ठेत बिया आणि वाळवीचे अवशेष मिळतात.

माणसांशी बोलताना

वन्यजीवांचा अभ्यास हा निम्मा माणसांचा अभ्यास असतो, आणि येथेच आपल्या जिल्ह्यातील विद्यार्थी इतरांपेक्षा सरस ठरू शकतो. त्याला वऱ्हाडी समजते. गुराखीबुवा 'काल सांजच्याले नाल्यात दिसलं' म्हणाले तर तो नाला कोणता हे त्याला विचारावे लागत नाही. संग्रामपूर-जळगाव जामोदकडील भिलाला, निहाल, कोरकू वस्त्यांत तो पाहुणा म्हणून वावरू शकतो.

प्रश्न मात्र तोलूनमापून विचारावेत. 'अस्वलाचा लय त्रास होतो ना?' असे विचारले की उत्तर 'हो' असेच येते. त्याऐवजी 'मागच्या पोळ्यापासून आजपर्यंत अस्वल दिसले का? कोठे? किती वाजता? सोबत कोण होते?' असे विचारावे. सण, पेरणी, बाजाराचा वार यांच्या खुणेने विचारले की माणसाला दिवस अचूक आठवतो. पिकांच्या नुकसानीबाबत तर अधिकच जपावे. पीककर्जाच्या हप्त्यासाठी आमच्यासमोर बसलेला शेतकरी हरभरा जनावरांनी खाल्ला म्हणतो तेव्हा त्याचे दुःख खरेच असते. परंतु संशोधकाने शेतात जाऊन रोहीने शेंडे खुडले की डुकराने मुळासकट उकरले, हे स्वतः पाहून, किती वाफे गेले ते मोजून लिहावे. नेमकी मोजणी ही शेतकऱ्याच्याच बाजूने उभी राहते.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. विश्वासाने माणूस सांगतो की सरपणासाठी मी अभयारण्याच्या हद्दीत जातो, किंवा तिकडे गुरे सोडतो. हद्दीत असे करण्यास बंदी आहे. हे त्याच्या नावानिशी प्रबंधात छापले गेले तर उद्या त्याच्यावर कारवाई होऊ शकते आणि आपल्याला पदवी मिळते, असा अर्थ होईल. म्हणून मुलाखतीच्या वहीत नावाऐवजी क्रमांक लिहावा, नावांची यादी वेगळी व कुलपात ठेवावी, गाव इतके लहान असेल की वर्णनावरून माणूस ओळखू येईल तर गावाचेही नाव घालू नये. कशासाठी विचारतो हे आधी सांगावे आणि 'नाही' म्हणणाऱ्याचा नकार आनंदाने मान्य करावा. हीच दक्षता मुक्या जीवांबाबतही घ्यावी. बिबट्याच्या गुहेचा किंवा वाघाच्या नेहमीच्या पाणवठ्याचा नेमका पत्ता प्रबंधात किंवा मोबाईलवर पसरविला तर तो शिकाऱ्याच्या हातीही जातो. ज्याची माहिती घेतली त्याचे अहित आपल्या माहितीने होऊ नये, हा नियम दोघांनाही लागू आहे.

मांडणी आणि लेखन

दिवसाची नोंद त्याच दिवशी नीट उतरवावी. रोजचा हिशेब रोज जुळवल्याशिवाय आम्हांस घरी जाता येत नाही. ही शिस्त संशोधकाने अंगी बाणवावी. रिकामी फेरीदेखील नोंद असते. 'आज काहीच दिसले नाही' हे लिहिले नाही तर दिसलेल्या दिवसांचा हिशेब खोटा ठरतो. नकाशे व आकडेमोड यांसाठी 'क्यूजीआयएस' आणि 'आर' ही संगणकीय साधने विनामूल्य मिळतात. पक्ष्यांच्या नोंदी 'ई-बर्ड' वर ठेवता येतात.

लिहिताना प्रश्न, पद्धत, निष्कर्ष आणि त्याच्या मर्यादा असा क्रम ठेवावा. मर्यादा लपवू नयेत. 'हा अभ्यास फक्त उन्हाळ्यातील आहे' असे एक वाक्य लिहिल्याने प्रबंधाचे मोल कमी होत नाही, उलट वाढते. मार्गदर्शकांनी मसुदा परत केला तर खचू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरील लंडन विद्यापीठातील प्रबंध परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत पाठविला होता. त्यांनी तो पुन्हा लिहून सादर केला आणि १९२३ साली त्यांस डी.एस्सी. पदवी मिळाली. आपला मसुदा परत येणे ही मग कोणती मोठी गोष्ट?

कोठे शिकावे?

डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था १९८२ मध्ये स्थापन झाली. तेथे १९८८ पासून वन्यजीवशास्त्राचा एम.एस्सी. अभ्यासक्रम चालतो. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातही वन्यजीवशास्त्र व संवर्धन या विषयाची एम.एस्सी. आहे. १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी पक्षी व प्राणी अभ्यासातील जुनी संस्था. या ठिकाणी प्रवेशाची स्पर्धा मोठी असते. पण तेथे प्रवेश मिळाला नाही म्हणून वाट बंद होत नाही. अमरावती विद्यापीठाच्या महाविद्यालयांतून प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, पर्यावरणशास्त्र घेऊनही वन्यजीवांवर प्रकल्प करता येतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधन पद्धती व प्रकल्प हे भाग आलेच आहेत; ते पाट्या टाकून पुरे करायचे की काही भरीव करायचे, एवढेच ठरवायचे आहे.

कला शाखेच्या विद्यार्थ्यांनीही मागे राहू नये. वन्यप्राण्यांमुळे कुटुंबाच्या उत्पन्नात किती घट होते हा अर्थशास्त्राचा विषय आहे. जंगलाच्या हद्दी आणि पाणवठे हा भूगोलाचा. नुकसानभरपाईचा अर्ज मंजूर होईपर्यंत शेतकऱ्यास किती खेपा माराव्या लागतात हा समाजकार्याचा. आणि वऱ्हाडीत झाडांची, पाखरांची, पाऊलखुणांची जी नावे म्हाताऱ्या माणसांबरोबर लोपत चालली आहेत ती गोळा करणे हा मराठीचा.

आपण काय करू शकतो?

सभासद बंधुभगिनींनो, विद्यार्थ्याला दरवेळी मोठी रक्कमच लागते असे नाही. एक चांगली दुर्बीण, अंतर मोजण्याचे एक उपकरण आणि प्राणी-पक्षी ओळखण्याची चार पुस्तके मंडळाने घेऊन ग्रंथालयात ठेवली, तर ती एकामागून एक कितीतरी विद्यार्थ्यांच्या कामी येतील. बोथा, मोताळा, संग्रामपूर या बाजूला ज्यांचे घर आहे त्यांनी अभ्यासासाठी आलेल्या मुलास महिनाभर राहण्याची जागा दिली तरी त्याचा निम्मा खर्च वाचेल. ज्येष्ठ मंडळींनी जुन्या रानाच्या आठवणी, कोणत्या साली कोठे वाघ होता, कोणता झरा कधी आटला, या तारीखवार सांगाव्यात. संशोधनाला त्याही हव्या असतात.

आणि विद्यार्थ्यांना एक विनंती. प्रबंध विद्यापीठात सादर झाला, गुण मिळाले, म्हणजे काम संपले असे समजू नका. त्याचा दोन-तीन पानी सारांश साध्या मराठीत लिहा, ग्रामपंचायतीत आणि वनपरिक्षेत्र कार्यालयात द्या, आणि ज्यांनी वाट दाखविली, भाकर दिली, त्यांना तो स्वतः वाचून दाखवा. मोहफुले वेचणाऱ्या बाईने सांगितलेली गोष्ट आकडेमोड होऊन, उपयोगाची होऊन तिच्याकडे परत गेली पाहिजे. बँकेत लोकांच्या ठेवी जपताना आम्ही एवढेच शिकलो आहोत की दुसऱ्याने विश्वासाने दिलेली गोष्ट मागणी होताच व्याजासह परत करायची असते. ज्ञानाचेही तसेच आहे.